नेटला लावलेली मोटर

आत्या व्हायला मला लई वाट बघावी लागली. भावाचं लग्न उशिरा, मग नोकरीसाठी तो जर्मनीला, मग बरेच दिवस नुसतंच "बघू, बघू". शेवटी मुलगी झाली तेव्हा मी माजलगावच्या आमच्या गल्लीत घरोघर पेढे वाटले. ज्यांच्याशी बोलत नव्हते त्यांनाही वाटले. मग बारसं ठरलं. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ते सांगताना मागून बायका पाठीत धपाटे घालतात तो मानही तिचाच. आई असती तर काहीही करून आम्ही दोघी विमानात बसलो असतो. पण आई नाही आणि मला पासपोर्टही नाही. म्हणून असं ठरलं की व्हिडिओ कॉल लावायचा, भावाने मोबाइल बाळाच्या कानाशी धरायचा आणि मी इथून कुर्रर्र करायचं.

एवढं साधं काम. पण आधी तालीम घेतली आणि घोटाळा सुरू झाला. मला तिकडचं सगळं लख्ख दिसत होतं, पाळणा, टोपडं, वहिनीचे जागून सुजलेले डोळे. माझं मात्र तिकडे धड काहीच पोचेना, चित्र मधेच थिजायचं. भाऊ म्हणाला, "ताई, तुझं तोंड उघडं राहिलंय, मिट की." मी ते केव्हाच मिटलं होतं. रोज कॉल लावला की तेच. शेवटी वहिनी लई गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. इथं माझी पुण्याची मैत्रीण आहे. नेट नाहीच चाललं तर ती करेल कुर्रर्र, मानलेली आत्या म्हणून."

मानलेली आत्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सख्खी आत्या जितीजागती असताना पुण्याची कोण ती बाई माझ्या भाचीच्या कानाला लागणार? कॉल बंद केला आणि पदर खोचला.

आमच्याकडे काहीही कमी पडलं की पहिला संशय शेजाऱ्यावर. धरण उशाला, तरी नळाला पाणी येतं ते त्याची मर्जी होईल तेव्हा. आलं की घराघरातून मोटरींची घरघर सुरू. नळाला मोटर लावली की शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणीही आपल्या टाकीत येतं. शेजारच्या काकूंची मोटर गल्लीत सगळ्यात दांडगी, आणि तिच्यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. त्यात दिवाळीला याच काकूंच्या पाहुण्यांना आमच्या यांनी वायफायचा पासवर्ड देऊन टाकलेला. झालं, मला सगळं कळलं.

मागच्या भिंतीशी जाऊन मी हाक मारली. "काकू, नळाला मोटर लावता ते लावता, आता आमच्या नेटला पण लावली का?"

काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला सारून उठल्या. "काय म्हनलीस?"

"माझ्या भाचीचं बारसं हाय. तुमी नेट वढून घ्यायले, माझं तोंड जर्मनीला पोचंना!"

"आगं बाई बाई बाई! तुझं तोंड आख्ख्या माजलगावात पोचतंय की. जर्मनीला न्हाई पोचलं तर माझ्यावर कावून येतीस?" असं म्हणत काकूंनी कमरेचा मोबाइल काढला आणि भिंतीवरून माझ्या हातात कोंबला. बटनाचा होता, मागचं झाकण रबर लावून धरलेलं. "घे. लाव ह्याला नेट. पाव्हणे तर दिवाळीलाच गेले. टाकी रिकामी व्हायली तर आधी घरच्या तोट्या बघ, मग लोकाच्या दारात ये!"

मला एवढा राग आला की मी खरंच घरच्या तोट्या बघायला घेतल्या.

टाकीचं पाणी कुठून जातंय ते शोधायचं तर एकेक तोटी बंद करायची आणि पाणी उतरायचं थांबतं का बघायचं. नेटलाही तोच हिशोब लावला. भावाला मेसेज टाकला, "मी दिसले की ओरड," आणि कॉल लावला. टीव्ही बंद केला. "ताई, तोंड उघडंच आहे," भाऊ म्हणाला. आमच्या यांच्या हातातला मोबाइल काढून घेऊन बंद केला. "आता डोळे पण मिटलेत गं." राहिला खालचा क्लास.

आमचे हे खालच्या मजल्यावर संगणकाचा क्लास चालवतात. गाव त्यांना सर म्हणतं. मीही म्हणते, चिडले की. त्या दिवशी रविवार, क्लासला कुत्रं नव्हतं, पण झाडून सगळे संगणक चालू. सारखी उघडझाप केली की मशीन खराब होतं, असा सरांचा सिद्धांत आहे. मी खाली उतरले आणि क्लासचं मोठं बटन खटकन पाडलं.

"अगं! अगं, अपडेट चाललंय!" जिन्यावरून सर ओरडले.

त्याच वेळी भाऊही ओरडला, "ताई, दिसलीस! अगं, केस किती पांढरे झालेत तुझे!"

सरांनी एक संगणक परत चालू केला, सेटिंग उघडलं आणि चष्मा पुसायला घेतला. सर चष्मा पुसायला लागले की चूक घरातलीच असते. मग हळूहळू बाहेर आलं. संगणकांना मधूनमधून अपडेट येतात, चांगली भलीमोठी. प्रत्येकाने ते वेगळं उतरवण्यापेक्षा एकाने घेतलेलं दुसऱ्याला द्यावं, अशी त्यात सोय असते. नेट वाचावं म्हणून सरांनी ती लावून ठेवली होती. तिथं दोन पर्याय होते. देवाणघेवाण एकतर घरातल्याच संगणकांशी, नाहीतर इंटरनेटवरच्या कुठल्याही संगणकाशी. जगाकडून मिळतंय तर घरापुरतं कशाला, म्हणून सरांनी दुसरा निवडला. घ्यायचं तेवढं बघितलं, द्यायचं बघितलंच नाही! त्यामुळे देव जाणे कुणाकुणाच्या संगणकांना आमच्या घरातून अपडेटचे तुकडे चालले होते. बाहेर जायची आमची वाट मुळातच अरुंद, तिच्यात माझं तोंड अडकलं होतं.

"तसं बघितलं तर ही समाजसेवाच हाय," सर म्हणाले.

"वा! शेजाऱ्याने बादलीभर पाणी मागितलं तर तुमी आधी टाकीत वाकून बघता. आणि जगाला टँकर?"

सरांनी ते सेटिंग घरापुरतं केलं.

काकूंचा मोबाइल माझ्याकडेच राहिला होता. तो परत द्यायला गेले, सोबत शेंगदाण्याची चटणी घेऊन. माफी मागणं मला जमत नाही, चटणी जमते. काकूंनी चिमूटभर तोंडात टाकली. "मीठ कमी हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझ्या पाठीत धपाटा कोन घालनार? ते बी जर्मनीहूनच घालनार का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"येते मी," काकू म्हणाल्या.

बारशाच्या दिवशी मी ठेवणीतलं लुगडं काढलं. क्लास बंद, टीव्ही बंद, सरांचा मोबाइल जप्त. मागे काकू पदर खोचून उभ्या. तिकडे ती पुण्याची मैत्रीण नथ-बिथ घालून पाळण्यापाशी तयारीत उभी होती, ते मी बरोबर बघून ठेवलं. भावाने मोबाइल खाली नेला आणि पडद्यावर नुसता एक कान आला. एवढासा, वरून जरा दुमडलेला. थेट आमच्या आईचा कान! आईला हे बघायला मिळालं नाही, याचं इतकं वाईट वाटलं की आवाजच फुटेना.

"गेलं वाटतं नेट," भाऊ म्हणाला. मैत्रीण पुढे वाकली.

तेवढ्यात काकूंनी घातला. धपाटा कसला, इतक्या वर्षांची भांडणं होती त्यात. माझ्या तोंडून कुर्रर्र सुटलं आणि त्याच झटक्यात नावही सुटलं. तिकडे बाळ दचकलं आणि त्याने मोठ्ठं भोकाड पसरलं.

"पोचलं, ताई, पोचलं!" भाऊ हसत होता आणि डोळे पुसत होता. "नावाच्या आधी धपाटा पोचला!"

मी मागे वळायच्या आत काकू म्हणाल्या, "थांब जरा. तो बारशाचा होता. ह्यो मोटरीचा."

तोही जर्मनीला स्पष्ट ऐकू गेला.