दोरीवरचं अराजक

“काय सांगू ताई, पोरगी कॉलेजात अराजक शिकायलीय. फीस भरून!”

मम्मी नांदेडच्या मावशीशी फोनवर बोलत होती आणि मी दाराआड चहाचा कप धरून उभी होते. चूक माझीच. आज काय शिकवलं, असं तिनं विचारलं होतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं. ‘अ‍ॅनार्की’ला मराठीत काय म्हणतात ते मी मोबाइलवर शोधलं आणि सांगून टाकलं. सरांना म्हणायचं होतं ते एवढंच, की देशांच्या वर सरकार नसतं. भांडण झालं तर तक्रार न्यायला वर कोणी नाही. आत जाऊन हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. मी बहुतेक गोष्टी सांगत नाही.

नल्लकुंट्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वर फक्त गच्ची आहे, आणि भांडण तिथलंच होतं. गच्चीवर उन्हातली दोरी एकच. दुसरी पाण्याच्या टाकीच्या सावलीत. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींकडे एकदा पाहुणे आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांनी उन्हातली दोरी भरून गेली. “कब्जा केला बाईनं,” मम्मी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सातऐवजी साडेसहाला बादली घेऊन वर गेली. मग आंटी सहाला. महिन्याभरात दोघी पाचवर आल्या. ऊन यायला अजून तासभर असायचा, पण दोरी भरलेली असायची.

पप्पांचा करारांवर विश्वास. त्यांनी वारांचं वेळापत्रक करून गच्चीच्या दारावर चिकटवलं.

“कागदावर कपडे वाळतात का?” मम्मीनं विचारलं. पुढच्या आठवड्यात आंटींचा वार असताना तिनं कपाटातले चार कोरडे टॉवेल नेऊन दोरीला चिमट्यांनी लावले. धुतलेलं काही नव्हतंच. “जागा धरून ठेवायची,” ती म्हणाली. “ती बाई आपल्याला दोरी मिळूच देणार नाही.”

त्याच आठवड्यात वर्गात ‘सिक्युरिटी डायलेमा’ आला. एक देश घाबरून शस्त्रं वाढवतो, ते पाहून शेजारचा घाबरतो, तोही वाढवतो; लढायचं मात्र कोणालाच नसतं. सरांनी रोजच्या जगण्यातलं उदाहरण मागितलं. तोंड उघडणाऱ्याला दहा मार्क होते आणि माझ्या नावापुढे तोवर शून्य. माझ्याकडे चार कोरडे टॉवेल होते. वाक्य मनात तीनदा जुळवलं, व्याकरण तपासलं. तोवर पुढच्या बाकावरच्या मुलीनं लायब्ररीतल्या खुर्चीवर बॅग ठेवून जागा अडवण्याचं उदाहरण दिलं आणि सर म्हणाले, “एक्सलंट.”

शनिवारी मम्मीचं डोकं दुखत होतं. पहाटे उठून उठून दुखणारच. “तू जा,” पांघरुणातून ती म्हणाली. “आणि तिच्याशी काही बोलायचं नक्को.” मला न बोलायला सांगणारी ती पहिलीच व्यक्ती असेल.

मी बादली घेऊन वर गेले. आंटी आधीच तिथे होत्या, केसांचा बुचडा सुटलेला, जांभईवर जांभई. दोरीभर चादरी. चादरींवर कपाटातल्या घड्या अजून तशाच, इस्त्रीसकट. माझी नजर घड्यांवर गेलेली त्यांनी पाहिली. त्यांनी एक घडी हातानं मोडायचा प्रयत्न केला. मोडेना.

“क्या करना अम्मा,” त्या शेवटी म्हणाल्या, “तुम्हारी मम्मी पूरी रस्सी ले लेती ना. मेरे को मिलतीच नहीं.”

नेहमीसारखं हसून खाली जाता आलं असतं. पण बादली जड होती, आणि खाली मम्मी उद्याचा गजर पावणेपाचचा लावून पडली होती. या वेळी मी वाक्य जुळवलं नाही.

“आंटी,” मी म्हणाले, “मम्मी बी आपके बारे में येइच बोलती.”