सासऱ्यांसाठी स्वस्तातली ई-सिगारेट

सासरे आमच्याकडे सिंगापूरला आले तेव्हा सासूबाईंना जाऊन सात महिने झाले होते. साल चौदा असावं. आम्ही तोआ पायोहला एका जुन्या ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा मॅनेजर होतो, बायको घरून थोडंफार काम करायची, मुलगी सात वर्षांची होती. सासरे सांगलीच्या एसटी डेपोत पस्तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी एका ओळखीच्या गॅरेजात जायचे आणि तिथले लोक अडले की इंजिनाला कान लावून दोष सांगायचे.

मला ते आवडत नव्हते. त्यांनी माझं काही वाईट केलं होतं असं नाही. जेवताना तोंडाचा आवाज करायचे, मोठ्यानं खाकरायचे आणि दिवसाला एक पाकीट सिगारेट ओढायचे.

सिंगापूरला एका पाकिटाला बारा डॉलर पडायचे, आणि बाहेरून येताना कर भरल्याशिवाय एकही पाकीट आणता येत नसे. मी फोनवर त्यांना बजावलंच होतं, एकसुद्धा आणू नका. पहिले चार दिवस बायकोनं पाकिटं आणून दिली. पाचव्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर हिशेब केला. बारा डॉलर म्हणजे पावणेसहाशे रुपये. रोजचे.

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी कमी करतो," ते म्हणाले.

"कमी केलेलं टिकत नाही बाबा," मी म्हणालो. "मी बघतो काहीतरी."

माझ्या ऑफिसात एक तमिळ सहकारी होता. तो नुकताच सिगारेट सोडून ई-सिगारेट ओढायला लागला होता. त्या विकायला आणि देशात आणायला बंदी होती हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, पण तो दर दोन आठवड्यांनी पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला जायचा आणि खिशातून एखादी बाटली घेऊन यायचा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला सगळं समजावलं. नवशिक्यानं भारीतलं यंत्र घ्यायचं नाही, पेनासारखं साधं घ्यायचं, तेही कुणाचं वापरलेलं. भरलेल्या नळ्या विकत घेण्यापेक्षा लिक्विडची बाटली घेऊन स्वतः भरायचं. आतली तारेची कॉइल जळकी लागली की फेकायची नाही, कापूस बदलायचा आणि तार पुन्हा गुंडाळायची. त्यानं स्वतःचं जुनं पेन, तारेचं एक रीळ आणि अर्धी बाटली मला स्वस्तात दिली. स्वतःचे पैसे वाचवणाऱ्या माणसासाठी हा सगळा सल्ला चांगलाच होता.

सासऱ्यांना मी ते दिलं तेव्हा त्यांनी ओढून बघायच्या आधी उघडून बघितलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला आणि एकेक भाग सुटा करून ओळीनं मांडला.

"ह्यात काय विशेष नाही," ते म्हणाले. "तार तापती, भिजलेल्या कापसाची वाफ होती. झालं."

कापूस कुठला वापरायचा यावर मी विचार करत होतो तोवर ते देवघराच्या डब्यातून फुलवात घेऊन आले. सेफ्टी पिनेभोवती तार मोजून पाच वेढे गुंडाळली, मधून कापूस ओवला, टोकं कापली. पहिल्याच झटक्यात जमलं. वाफ सोडून ते हसले. आमच्या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो. मुलगी टाळ्या वाजवत तिथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, सो क्लेव्हर लाह." तीन आठवडे सगळं छान चाललं. त्यांचा खोकला कमी झाला. एका पाकिटाच्या पैशात त्यांचा आख्खा आठवडा निघू लागला. बायको मला म्हणाली, "किती चांगलं केलंस तू त्यांच्यासाठी."

इथं थांबायला हवं होतं. पण पैसे वाचवायची एक चटक लागते, आणि माझ्या बाबतीत ती नुसती पैशांची नव्हती. सहकारी आणून द्यायचा त्या लिक्विडच्या बाटल्या मी माझ्या कपाटात कुलपात ठेवत असे. बायकोला सांगितलं होतं, मुलीच्या हाती लागायला नकोत. दर रविवारी सकाळी सासरे आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत.

"जावईबापू, औषध संपलं बघा."

मी फोनवर बातम्या वाचत असायचो. हातातली बातमी पुरी वाचायचो, मग उठायचो. कधी कधी आणखी एक वाचायचो. ते चौकटीला हात लावून उभे. हा माणूस माझ्या लग्नाच्या बोलण्यांत मला विचारत होता, तुमची नोकरी पक्की आहे ना. ते मी विसरलो नव्हतो.

एकदा सहकारी बोलता बोलता म्हणाला, या लिक्विडमध्ये मुख्य ग्लिसरीन असतं आणि वासाचे थेंब, निकोटीन अगदी थोडं. त्या संध्याकाळी मी फार्मसीतून ग्लिसरीनची बाटली आणली आणि सासऱ्यांचं लिक्विड निम्म्यानं वाढवलं. त्यांना कळलं नाही, ते फक्त जास्त वेळा ओढू लागले. पुढच्या आठवड्यात एक भाग लिक्विड आणि तीन भाग ग्लिसरीन. सहाव्या आठवड्यात मी त्यांना दिलेल्या बाटलीत निकोटीनचा थेंबही नव्हता. ग्लिसरीन, थोडं पाणी आणि केकमध्ये घालतात तो व्हॅनिला इसेन्स. बायकोला सांगितलं असतं तर कदाचित हे त्यांच्या भल्यासाठीच करतोय असं पटवता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण मला ते एकट्यालाच ठाऊक असणं आवडत होतं.

सासऱ्यांची झोप गेली. डोकं धरून बसायचे. मुलीनं टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून तिच्यावर एकदा इतक्या जोरात ओरडले की ती दोन दिवस त्यांच्याजवळ गेली नाही. आणि त्यांचे हात कापायला लागले. एका शनिवारी सकाळी मी बाहेरच्या खोलीत आलो तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चार-पाच कॉइल उघडून टाकलेल्या. ते पिनेभोवती तार गुंडाळायचा प्रयत्न करत होते आणि तार सारखी सुटत होती.

"धूर येतो," ते वर न बघता म्हणाले, "पण लागत नाही. तार सैल बसती काय कोण जाणे. सकाळपासून पाचवी कॉइल ही."

"मला त्यातलं काय कळतंय," मी म्हणालो.

"पस्तीस वर्षं इंजिनं उघडली ओ. आणि हे एवढंसं नळकांडं."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "वय झालं बाबा. बारीक काम आता तुम्हाला जमायचं नाही."

त्यांनी हातातली पिन खाली ठेवली आणि दोन्ही हात पालथे करून बघितले. मग सगळ्या तारा गोळा करून कचऱ्यात टाकल्या.

त्याच दुपारी मी ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, मुलीसाठी नूडल्स घ्यायला गेलो. तिथं एका कोपऱ्यात जमिनीवर पिवळी रेघ मारलेली असते, त्या रेघेच्या आतल्या टेबलांवरच सिगारेट ओढता येते. सासरे तिथं बसले होते, समोर एक चिनी म्हातारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हातारा कॉफी संपवून उठला, अर्धी सिगारेट रक्षापात्रात विझवून गेला. सासऱ्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग ती उचलली, टोक सदऱ्याला पुसलं आणि पेटवली.

मी हाक मारली नाही. फोन काढून फोटो घेतला. पहिला हलला म्हणून दुसरा घेतला.

नूडल्स घेऊन मी त्यांच्या आधी घरी पोचलो आणि फोटो बायकोला दाखवला. सासरे आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"बाबा, लोकांच्या उष्ट्या सिगारेटी?" ती म्हणाली. "भिकारी आहोत का आपण? ह्यानं तुमच्यासाठी एवढं केलं, आणि तुम्ही रस्त्यावर जाऊन हे? आई हे बघायला नाही तेच बरं झालं."

त्यांनी एक चप्पल काढली होती, ती हातातच राहिली. मुलगी सोफ्यावरून बघत होती. मी स्वयंपाकघरात ताटं मांडत होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

"चुकलं पोरी," ते म्हणाले.

व्हिसा वाढवून घेतलेला होता, अजून तीन आठवडे बाकी होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तिकीट अलीकडचं मिळेल का. मी त्याच दिवशी बदलून घेतलं. विमानतळावर त्यांनी रुमालात बांधलेलं ते पेन माझ्या हातात दिलं. स्वच्छ पुसलेलं होतं. "तुमच्या मित्राला परत करा," म्हणाले. "मी तुम्हाला खर्चात पाडलं." मी म्हणालो, असू दे. ते पेन मी ऑफिसात नव्यानं आलेल्या एकाला विकलं, घेतलं होतं त्याच किमतीला.

ते गेल्याला तीन दिवस झाले असतील. बायको कात्री शोधायला माझं कपाट उघडून बसली आणि तिला ग्लिसरीनची मोठी बाटली, इसेन्स आणि रिकाम्या छोट्या बाटल्या सापडल्या. मी लपवलं नाही. कोणत्या आठवड्यात किती भाग, तेही सांगितलं. ती पलंगावर बसली.

"म्हणजे त्यांना काही मिळतच नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी त्यांना काय काय बोलले."

"मग कर फोन. सांग त्यांना."

तिनं फोन हातात घेतला, नंबरही काढला. मग ठेवून दिला. म्हणाली, "आत्ता त्यांची झोपायची वेळ असेल." सांगलीला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. त्यानंतर ती दर रविवारी त्यांच्याशी बोलायची, जेवण, हवापाणी, नातीची शाळा. हे कधी बोलली नाही. मीही नाही. आम्ही कशावरूनही भांडायचो, पण ही एक गोष्ट दोघंही टाळायचो.

महिनाभरानं मेव्हण्याचा फोन आला. बाबांनी गॅरेजात जाणं बंद केलंय, तो सांगत होता. पान्यांची पेटीसुद्धा गॅरेजवाल्याला देऊन टाकली. हात राहिले नाहीत म्हणतात. बायकोनं स्पीकर चालू ठेवला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीकडं.

पुढच्या दिवाळीला आम्ही सांगलीला गेलो. सासरे पुन्हा सिगारेट ओढत होते आणि त्यांचे हात अजिबात कापत नव्हते. वाऱ्यात काडी पेटवून ती ओंजळीत धरायचे, ज्योत हलायची नाही. तरी परसातला नळ गळत होता तर त्यांनी साध्या वायसरसाठी प्लंबर बोलावला. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो.

"तुम्ही बोलला ते बरोबर होतं," ते मला म्हणाले. "बारीक काम आता माझं नाही."

मला दया आली असं म्हणायला आवडेल. मला राग आला. इतकं सगळं त्यांनी मुकाट्यानं खरं मानलं याचा राग. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, ग्लिसरीन, इसेन्स, फोटो. सिगारेट बोटात जळत राहिली.

"पोरीला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा नाही. नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?"

तिला कालच सांगितलं, असं मला म्हणता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही परत आलात, त्याच आठवड्यात."

त्यांनी मान हलवली. प्लंबरनं हाक मारली, काका, बघून घ्या. ते उठून गेले, लांबूनच बघितलं आणि त्याला पैसे दिले.

त्या दिवशी दुपारी बायको वाढायला आली तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "राहू दे, मी घेतो," म्हणाले. संध्याकाळी चहाच्या वेळी तेच, दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. आवाज चढवला नाही, तोंड फिरवलं नाही. आतल्या खोलीत तिनं मला विचारलं, "बाबांना काय झालंय?"

"मी सांगितलं त्यांना," मी म्हणालो. "तुला केव्हा कळलं तेही सांगितलं."

आणखी चार दिवस राहायचं ठरलं होतं. तिनं पलंगाखालची बॅग ओढली आणि मुलीचे कपडे भरायला लागली.