कापसाच्या खोलीतलं शेवटचं गाणं

संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार. बावीस क्विंटल कापूस, भाव सात हजार शंभर, एकूण एक लाख छप्पन हजार दोनशे. हजर: मी, बायको, आमची मुलगी, कापसाचे एक व्यापारी आणि त्यांचे चार हमाल. सौदा अंगणात चहा पिताना झाला.

आमच्या जाफराबादकडे भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवतात. मागच्या खोलीत तो छातीपर्यंत आला होता. अशा खोलीत बोललेलं जागच्या जागी विरतं हे मला ठाऊक होतं. त्याचा उपयोग मुलीनं शोधून काढला. ती जालन्याला इंजिनिअरिंगला आहे आणि दोन वर्गमित्रांबरोबर तिचा पॉवर मेटलचा अल्बम चालला होता. तोवर झालेली आठही गाणी मी ऐकली होती, म्हणून जबाबदारीनं सांगतो: पॉवर मेटलमध्ये गिटार फार वेगात असते, ड्रम त्याहून वेगात, आणि गाणारा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारत असतो. गोष्ट अशी की सूर्य विझतो आणि पृथ्वीवरचं शेवटचं बियाणं घेऊन एक जहाज दुसऱ्या ग्रहाकडे निघतं.

मित्र आमच्याकडे एकदाच आले. घरात भरलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी ते गिटारीसकट जालन्याला परतले आणि वाजवायचं तिकडंच करू म्हणाले. मुलगी मात्र मोबाईलला माईक लावून, खाजवत खाजवत, आठ गाणी गायली. त्यातले काही वरचे सूर खाजेमुळे लागले असावेत. शेवटचं गाणं सर्दीमुळे राहिलं होतं.

हमालांनी गाठोड्यासाठी चादर अंथरली तेव्हा मुलगी बाहेर आली.

"पप्पा, कापूस आज न्हाई जात."

"सौदा झाला."

"एक गाणं राह्यलंय. खोली रिकामी झाली की आवाज घुमतो. आठ गाणी एका जागची अन् हे एक विहिरीतलं. मंग अल्बमच काढायचा न्हाई."

ती चिडली असती तर मी ऐकलं नसतं. ती रडवेली झाली होती. मी व्यापाऱ्यांना विचारलं, उद्या चालेल का.

"भाऊ, भाव आजचा हाय. उद्याचा मलाच माहीत न्हाई."

"मंग एक तास थांबा."

"टेम्पो भाड्याचा हाय." पण तेवढ्यात बायकोनं धपाटे आणले, म्हणून ते थांबले.

मुलीनं आत जाऊन दार लोटलं. आतून जे ऐकू आलं त्यानं व्यापाऱ्यांचा घास हातातच राहिला.

"वहिनी, ताई कोणावर चिडून राह्यल्या?"

"सूर्यावर," बायको म्हणाली. "विझला म्हणून."

एकटीचा भाग झाला आणि मुलगी बाहेर आली. जहाजावरच्या माणसांचा कोरस हवा होता, आणि माणसं तर अंगणात बसलेलीच होती. हमाल लगेच उठले. त्यातला एक भजनी मंडळातला होता. व्यापाऱ्यांनी आधी शब्द विचारले.

"चाळीस हजार वर्षं नेतो आम्ही बियाणं," मुलीनं सांगितलं.

व्यापाऱ्यांचं बियाण्याचं दुकानही आहे. त्यांनी ताट खाली ठेवलं. "चाळीस हजार? ताई, सरकीचं बी दोन वर्षांपुढं भरवशाचं न्हाई. उगवलं न्हाई तर तक्रार कोणाकडं न्यायची?"

"काका, बर्फात ठेवलंय."

"मंग तर ओल धरली. मी न्हाई गात. माझं गिऱ्हाईक ऐकन."

"शेठ न्हाई तर आमी कसं गावं?" भजनवाला म्हणाला, आणि चौघंही खाली बसले.

टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. मुलगी माझ्याकडं बघत होती.

"ग्रह किती लांब हाय?" मी विचारलं.

"चार प्रकाशवर्षं."

"दोन वर्षांत पोचायचं तर प्रकाशाच्या दुप्पट वेग लागतो. ते होत न्हाई."

"पप्पा, यात होतं."

"मंग दोन वर्षं कर."

तिनं केलं. ओळ आखूड पडली, ती भजनवाल्यानं "हो हो" घालून भरून काढली. व्यापाऱ्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली, चपला बाहेर काढल्या, आणि आम्ही सहा पुरुष छातीपर्यंत कापसात उभे राहिलो. पहिल्या खेपेला व्यापारी शिंकले. दुसऱ्या खेपेला सगळे थांबले तरी भजनवाला थांबेना. तिसऱ्या खेपेला बियाणं बराबर पोचलं. मुलीनं मोबाईल कानाला लावून ऐकलं आणि बाहेर येऊन ती भिंतीला टेकून खाली बसली. "झालं," म्हणाली. "भरा आता कापूस."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. कापसाची रक्कम व्यापाऱ्यांनी बायकोच्या खात्यावर टाकली आणि भरायची हमालीही त्यांनीच दिली. गाण्याची हमाली वेगळी, असं हमालांचं म्हणणं पडलं. मला ते रास्त वाटलं. माणशी पन्नासप्रमाणे दोनशे रुपये चौघांच्या हातात दिले. टेम्पोत चढता चढता व्यापारी म्हणाले की गायलो तर मीही. पन्नास त्यांना दिले.