मांगराची अर्थिंग

आमच्या बागेतल्या मांगरात गाय, पंप आणि कोयते-फावडी. भिंतीवर मेन स्विचची जुनी पत्र्याची पेटी. वर्षभर आई सांगत होती, पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. तिच्या मते बागेचा राखणदार देव रुसला होता. तिने त्याला नारळ दिला आणि मांगरात शिरताना चपला बाहेर काढायला लागली. मी हसलो. आता स्वतःलाच म्हणतो, मेल्या, हसण्यापेक्षा टेस्टर लावला असतास तर!

मे महिन्यात एका सकाळी पंप चालू करायला गेली ती ओल्या जमिनीवर, अनवाणी. पेटीने तिला धरलं. फेकली गेली म्हणून वाचली, पण तळहात भाजला. मी घरातून मांगराची लाइन बंद केली, तर दुसऱ्या दिवशी बांधलेल्या हाताने तीच चालू करायला निघाली. पोफळी करपतायत म्हणे.

"मरतलस गो आये," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"राखणदाराक सांगलंय मी."

हिला कसं आवरायचं? धावत जाऊन वायरमनला आणला. घरातून मांगरात दोनच वायरी आलेल्या, अर्थिंगची नाहीच. आम्ही खड्डा खणायला घेतला. दोन फुटांवर कातळ. दुपारपर्यंत पहार मारून माझे हात सोलले, कातळ काही हलेना. मी पार हरलो.

"आजच्यापुरती न्यूट्रलाक जोडून टाका," मी म्हटलं.

"आणि न्यूट्रल तुटलो तर? अख्खी पेटी जिती होतली. मगे आवशीक हात लावूक सांगतल्यात?"

मी खाली बसलो. घरच्या अर्थिंगपासून तिसरी वायर ओढायची, असं त्याने ठरवलं. पेटी सोडवताना त्याला मागे एक गंजकी तार सापडली. तिच्यामागून तो विहिरीपर्यंत गेला. तारेचं टोक नुसतंच लोंबत होतं.

"हय लोखंडी पाइप होतो. तीच तुमची अर्थिंग. हो प्लास्टिकचो कोणी घातलो?"

मी घातला होता, वर्षभरापूर्वी. लोखंडी गंजला म्हणून, मोठ्या फुशारकीने, कोणाला न विचारता. आई मांगराच्या दारात उभी होती, भाजलेला हात छातीशी धरून. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"ह्येच्या बापाशीन पाइप बदलल्यान," ती वायरमनला म्हणाली.

बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.