ट्राममधलीचं पाकीट

आईने बॅग उघडली तेव्हा आधी वेलदोड्याचा वास आला, आणि मग मला भीती वाटली.

खिडकीबाहेर अजून धुकं होतं. जर्मनीतल्या या येना गावात सप्टेंबरात नदीवरून धुकं चढतं आणि दुपारपर्यंत गावातून हलत नाही. टेकड्यांचे फक्त माथे दिसतात, चुनखडीचे, पांढरट, कशावरही न टेकलेले. आईबाबा आदल्या संध्याकाळी नाशिकहून येऊन पोचले होते. बाबा माझ्या एकुलत्या एका खुर्चीत बसून ट्रामचं वेळापत्रक वाचत होते. आई खाली कार्पेटवर मांडी घालून बसली होती आणि बॅगेतून एकेक पाकीट काढून ओळीने मांडत होती. सगळ्यांत बेसनाचे लाडू. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर आईचं गोल गोल अक्षर.

‘कुत्रेवाले आजोबा.’ ‘खालच्या पियानोबाई.’ ‘बेकरीतली ताई.’ ‘लॅबमधले सर.’ ‘ट्राममधली.’

“तुझ्या सगळ्या माणसांना,” आई म्हणाली. “कुणी राहिलं का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “कुणी नाही राहिलं.”

यातल्या सरांशी मी बोलत असे, कारण ते माझे गाइड होते आणि बोलणं भागच होतं. बाकी कुणाशीही मी कधी एक शब्द बोलले नव्हते.

ठरवून खोटं बोलले असं नाही. मला इथे पीएचडीला पाठवायला आईचा जीव होत नव्हता. “ही बोलत नाही हो कुणाशी,” ती बाबांना म्हणायची. “तिकडे आजारी पडली तर सांगणार कुणाला?” तिचं चूक नव्हतं. शाळेत इंग्रजी बोलावं लागे म्हणून मी गप्प असायचे, घरी आलेल्यांशी मराठी बोलावं लागे म्हणून गप्प असायचे. इथे येऊन जर्मन शिकले, तर तीन भाषांमध्ये गप्प बसता यायला लागलं, एवढाच फरक.

दर रविवारी आईचा फोन यायचा. “मग, काय म्हणतेस? कोण कोण भेटलं या आठवड्यात?” पहिल्या हिवाळ्यात या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. तारेतून नुसता समुद्रासारखा आवाज येत राहायचा. एका रविवारी त्या आवाजातून आई अगदी हळू म्हणाली, “नको वाटत असेल तर ये परत. कुणी काही बोलणार नाही. मी आहे ना.”

ती रागावून म्हणाली असती तर मी वाद घातला असता. पण त्या हळू आवाजाला मी घाबरले. तो अजून दोनदा ऐकला असता तर मी खरंच निघाले असते, आणि मला निघायचं नव्हतं. लॅबमधली अंधारी खोली मला आवडायची. तिथे हवेत लेझरची एक हिरवी रेघ तरंगायची आणि दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही तरी चालायचं. मला हे धुकं आवडायचं. एकटं असणं नेहमीच वाईट असतं असं नाही, हे आईला फोनवर समजावणं मला जमणार नव्हतं.

म्हणून मी म्हणाले, “अगं, आज कुत्रेवाले आजोबा भेटले.”

भेटले हे खरं होतं. नदीकाठच्या वाटेवर रोज सकाळी ते समोरून यायचे. त्यांचा कुत्रा लांबुडका, बुटका, तपकिरी, आणि पावसाळी हवेत लाल रेनकोट घातलेला. वाट अरुंद, म्हणून मी बाजूला गवतात उभी राहायचे आणि ते दोघं पुढे जायचे. एवढंच. पण आईने विचारलं, “काय म्हणाले?” आणि मी म्हणाले, “कुत्र्याचं पोट बिघडलंय म्हणाले.”

“अगं बाई! भात-ताक घालायला सांग त्याला.”

पुढच्या रविवारी आईने आधी कुत्र्याच्या पोटाचं विचारलं.

मग बाकीचे आले. खालच्या मजल्यावर एक बाई संध्याकाळी पियानो वाजवायच्या, नेहमी तेच गाणं, नेहमी त्याच जागी थांबायच्या. आईला मी सांगितलं की त्या मला चहाला बोलावतात. बेकरीतली ताई मला आवडणारा पाव बाजूला काढून ठेवते असं सांगितलं. हे सांगता यावं म्हणून मी माणसांकडे इतकं निरखून पाहायला लागले, की कोण नुसतं पाहिलेलं आणि कोण ओळखीचं, हे माझं मलाच नीट कळेनासं झालं. झोपेतून उठल्यावर स्वप्नातलं माणूस थोडा वेळ खोलीत असल्यासारखं वाटतं, तसं.

ट्राममधली मात्र मुळात नव्हतीच. हिवाळ्यात सकाळी सातला बाहेर काळोख असायचा आणि ट्रामच्या काचेत माझ्याच वयाची, गळ्याला मफलर गुंडाळलेली एक मुलगी दिसायची. तिच्यावरून मी तिला बनवली. ती खूप हसते, असं मी आईला सांगितलं होतं.

आणि आता पाकिटं आली होती.

सरांचं पाकीट पहिल्याच दिवशी पोचलं. सरांनी लाडू उभ्या उभ्या खाल्ला आणि बाबांशी पाच मिनिटं हस्तांदोलन केलं. बाकीच्यांसाठी मी म्हणाले, “सगळे उरलाउबवर गेलेत. सुट्टीवर. इथे सगळे या दिवसांत जातात.”

“आजोबा पण?”

“हो.”

“कुत्र्याला घेऊन?”

“हो.”

बाबांनी वेळापत्रकातून मान वर केली. “अख्खं गाव उरलाउबवर? मग सकाळी ट्राममध्ये मला बसायला जागा का मिळाली नाही?”

“अहो, तुम्हाला नाशकातही मिळत नाही,” आई म्हणाली, आणि विषय तिथे राहिला. पण बाहेर पडताना ती पाकिटं खांद्याच्या पिशवीत टाकल्याशिवाय निघायची नाही. रोज. “कुणी लवकर परत आलं तर?”

पाचव्या दिवशी आम्ही तिघं नदीकाठी फिरायला गेलो. मी मुद्दाम उशिरा काढलं त्यांना, आजोबांची वेळ टळावी म्हणून. धुकं इतकं होतं की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. पाण्याचा नुसता आवाज होता. बाबा मागे राहून प्रत्येक पाटी वाचत होते. मला वाटलं, या धुक्यात आपण असंच चालत राहावं, कुणी भेटू नये, आणि त्यांच्या मुक्कामाचे तीन आठवडे संपावेत.

तेवढ्यात समोर काहीतरी लाल हललं.

“अगं!” आई म्हणाली. “अगं, हेच ना?”

तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण मी इतकं बारीक वर्णन केलं होतं, की त्यांच्या टोपीवरचं पिवळट पीससुद्धा तिला पाठ होतं. मी काही म्हणायच्या आत ती पुढे गेली, दोन्ही हात जोडून, शालीचा एक पदर जमिनीवर लोळवत. “नमस्ते, नमस्ते आजोबा! आलात का परत?”

आजोबा थबकले. त्यांनी आईकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मला सुटकेची एकच वाट दिसली. आईला जर्मन येत नाही आणि यांना मराठी. मी जर्मनमध्ये म्हणाले, आणि म्हणताना माझे कान गरम झाले, “माफ करा. आपली ओळख नाही. पण मी आईला सांगितलंय की आहे. तिने भारतातून तुमच्यासाठी गोड आणलंय. कृपा करून घ्या.”

मग त्यांनी टोपी काढली.

“हो,” ते सावकाश म्हणाले. “गेनाऊ, अगदी. ओळख आहेच की. तुम्ही रोज आमच्यासाठी गवतात उभ्या राहता. बूट ओले होतात तुमचे.”

“काय म्हणाले?” आईने विचारलं.

“थँक्यू म्हणाले.”

“त्यांना विचार, कुत्र्याचं पोट आता बरं आहे ना?”

मी आईकडे पाहिलं. तिने हनुवटीने खूण केली, विचार. मग मी एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाला त्याच्या कुत्र्याच्या पोटाबद्दल विचारलं. पोट उत्तम आहे, ते म्हणाले, पण मागचा डावा पाय! आणि मग त्यांनी त्या पायाची सगळी कहाणी सांगितली. ऑपरेशन, मलम, जिने चढताना त्याला उचलून घ्यावं लागतं, आणि बायको म्हणते माझ्यासाठी कधी एवढं केलं नाहीस. दहा मिनिटं तरी बोलत होते. मी म्हणाले, “बरं आहे म्हणतात.”

“एवढं बोलले आणि तू एवढंसं सांगतेस?” आई म्हणाली.

त्याच वेळी कुत्रा पुढे आला. त्याने माझा बूट हुंगला, मग दुसरा. माझ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि दोन पावलं मागे सरून घशातल्या घशात गुरगुरला. परक्या माणसावर गुरगुरतात तसं.

आईच्या माहेरी कुत्री होती. तिने कुत्र्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मग ती वाकून शालीचा पदर झटकायला लागली.

घरी येईपर्यंत बाबा एकटेच बोलत होते. त्यांनी आजोबांकडून ‘गेनाऊ’ उचललं होतं आणि ते सगळ्यावर वापरत होते. “जेवायचं का? गेनाऊ!” आईने भात लावला. मी कोथिंबीर निवडत उभी राहिले आणि वाट पाहत राहिले, आता ती म्हणेल, ये परत. तो हळू आवाज मला आधीच ऐकू यायला लागला होता. बॅग भरायची तर पुस्तकांचं काय करायचं, इथपर्यंत मी पोचले होते.

आईने कुकरचं झाकण लावलं. “उद्या खालच्या बाईंकडे जाऊ.”

“आई, त्या...”

“उरलाउबवरून आल्यात. काल पियानो ऐकला मी.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “बेल तू वाजवायची. मी मागे उभी राहीन.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पियानो नेहमीच्या जागी थांबला आणि आम्ही खाली गेलो. जिन्यात फरशी पुसल्याचा लिंबाचा वास होता. मी बेलवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. मागून आईने माझ्या पाठीवर तळवा ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला.

बाईंनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, “माफ करा, फार मोठा आवाज येतो का? मी खिडकी बंद करून वाजवते.” या घरात कुणी बेल वाजवली म्हणजे तक्रारच, असा त्यांचा अनुभव होता. मी म्हणाले, नाही, नाही, आवाज आवडतो. पहिल्यांदाच म्हणाले, आणि ते खरं होतं. पाकीट पुढे केलं. त्या इतक्या गोंधळल्या की आम्हाला आत घ्यायचं त्यांना उशिरा सुचलं.

आई सरळ पियानोजवळ गेली आणि हवेत बोटं नाचवून म्हणाली, “वाजवा ना!” बाईंनी वाजवलं. गाणं त्याच जागी येऊन थांबलं.

“पुढे?” आई मराठीत म्हणाली.

त्याचं मला भाषांतर करावं लागलं नाही. बाई हसल्या. “पुढचं अजून येत नाही मला. दोन वर्षं झाली.”

“येईल, येईल,” आई म्हणाली आणि स्वतःच्या घरात बसावं तशी सोफ्यावर बसली. आम्हाला चहा मिळाला. दोन वर्षं मी आईला ज्या चहाच्या गोष्टी सांगत होते, तो चहा पुदिन्याचा निघाला. मी नेहमी दालचिनीचा सांगितला होता. आईने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि भुवया किंचित वर केल्या. मला हसू फुटलं. तीही तोंडाला रुमाल लावून हसली. बाईंना वाटलं चहा बिघडला.

बेकरीतल्या ताईने पाकीट घेतलं, वास घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून मला खरोखर पाव बाजूला काढून ठेवायला लागली. मला न आवडणारा, बडीशेपेचा. तो मी वर्षभर खाल्ला.

तीन आठवडे संपले. फ्रँकफर्टची गाडी पकडायला आम्ही स्टेशनवर उभे होतो. बाबा घड्याळ आणि बोर्ड आळीपाळीने बघत होते. गाडी चार मिनिटं उशिरा होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “चला, इथेही माणसंच राहतात.”

आईने पिशवीतून शेवटचं पाकीट काढलं. ‘ट्राममधली.’ चिकटपट्टीचे कोपरे इतके दिवस ने-आण करून काळे झाले होते.

“ही काही भेटली नाही बाई आपल्याला,” ती म्हणाली.

मी चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा बोटाने दाबला.

“भेटली तर दे. नाही भेटली तर तू खा. पण ठेवून देऊ नकोस, खवट होतील.” तिने पाकीट माझ्या कोटाच्या खिशात कोंबलं आणि खिशावरून एकदा हात फिरवला. गाडी आली. परत ये, असं ती म्हणाली नाही. दारातून नुसतं ओरडली, “बूट नवे घे, हे ओलेच असतात!”

पुढच्या रविवारी फोन आला.

“मग, कोण कोण भेटलं?”

आजोबा त्या आठवड्यात दिसले नव्हते. पियानोबाई बहिणीकडे गेल्या होत्या, खरंच गेल्या होत्या. तारेतून समुद्राचा आवाज यायला लागला.

“कुणी नाही,” मी म्हणाले. असं मी तिला पहिल्यांदाच सांगत होते.

“बरं,” आई म्हणाली. आवाज नेहमीचा होता. “आणि ते पाकीट?”

“मी खाल्लं. ट्राममध्ये बसून.”

“कसे झालेत?”

“वेलदोडा जास्त झालाय.”

“तुझ्या आत्याने घातला.” मग ती फोन सावरून नीट बसल्याचा आवाज आला. लांब गोष्ट ऐकायची असली की ती उशीला टेकून बसायची. “आता सांग. भेटलं नाही कुणी तर नाही. काय काय दिसलं?”

मी खिडकीपाशी गेले. धुकं पुलापर्यंत आलं होतं. एक टेकडी दिसत होती, एक नव्हती. मी सांगायला लागले.