ताईच्या माडीवरची रेल्वे

तो नकली दात बनवायचा. दवाखान्यांतून रुग्णांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि तो खिडकीशी बसून त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायचा, एकेक दात बसवायचा, घासायचा. ज्यांच्या तोंडात त्याचं काम जाणार, त्यांचं तोंड त्याने कधी पाहिलेलं नसायचं. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, याचं मात्र भरतं," असं सोबतचे कारागीर म्हणायचे, आणि तोही हसायचा. लग्नाचं त्याचं जमलं नाही. आई लहानपणीच गेलेली. मोठ्या बहिणीने वाढवलं, तेव्हा जवळचं माणूस म्हणजे एक ताईच.

जुन्या बाजारात त्याला एकदा विजेवर चालणारं, तळहाताएवढं रेल्वे इंजिन मिळालं. धुराडं तुटलेलं, एक चाक घासणारं. दातांच्याच मसाल्यातून त्याने नवं धुराडं ओतलं, चाक सरळ केलं आणि खोलीत रूळ मांडून ते पळवलं. खोली एवढीशी, की गाडी खाटेच्या चारही पायांना वळसा घालून यायची. ताई एकदा भेटायला आली ती दारातच थबकली. पाय ठेवायला जागा नव्हती.

"माझी माडीवरची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. "तिथे मांड हा पसारा. निदान त्या निमित्ताने घरी येशील तरी."

मग त्याची प्रत्येक सुट्टी ताईच्या माडीवर जायला लागली. भिंतीला धरून त्याने फळ्यांचं टेबल ठोकलं. ते वाढत वाढत तिन्ही भिंतींना लागलं. मधे उभं राहायला तेवढी जागा उरली. साच्यांच्या प्लास्टरचे डोंगर केले, त्यांतून बोगदा काढला, दरीवर पूल टाकला. इंजिनं तो विकतची तशीच कधी ठेवत नसे. चकचकीत रंग खरवडून काढायचा. दातांच्या तारेचे कठडे आणि पायऱ्या करून डकवायचा. कोळशाची पूड बोटाने चोळून धुराड्याला काजळी आणायचा, चाकांवर गंज चढवायचा. एक इंजिन चढावर सारखं घसरायचं, तर त्याच्या पोटात शिसं भरून ते जड केलं. ते पहिल्यांदा बोगद्यातून वर आलं तेव्हा त्याने जिन्यावरून ताईला हाका मारमारून वर बोलावलं.

ताई येऊन बसायची. दाराशी स्टूल होतं, त्यावर. "आज गाडी कुठवर गेली?" असं विचारायची. तो पुलापर्यंत, बोगद्यापर्यंत असं काहीबाही सांगायचा. भाऊजी कधी वर फिरकले नाहीत, पण कधी वाकडं बोललेही नाहीत. वर्षं अशीच गेली. भाचीचं लग्न होऊन ती परगावी गेली. मग ताईला आजार जडला आणि थोड्याच महिन्यांत ती गेली.

त्यानंतरही तो जात राहिला. स्टूल तिथेच होतं. गाडी सुरू करायचा, दोन फेऱ्या झाल्या की बंद करायचा. एका सुट्टीला भाऊजींनी त्याला खालीच थांबवलं, चहा पुढे ठेवला.

"पोरगी आणि जावई इकडे राहायला येतायत," ते म्हणाले. "माडीवरची खोली लागेल."

"भाऊजी, ते टेबल दारातून निघायचं नाही. आतच बांधलंय. कापावं लागेल."

"मग काप."

"ताईची आठवण आहे ती. तिला किती आवडायचं."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुला?"

"दर सुट्टीला तर येऊन बसायची."

"बसायची. खाली आली की कपाळाला बाम चोळायची. त्या घरघरीने तिचं डोकं उठायचं. तिला त्या खोलीत शिलाई मशीन ठेवायचं होतं, वर उजेड चांगला येतो म्हणून. शेवटपर्यंत जिन्याखाली दिवा लावून शिवत बसली. मी म्हणायचो, सांग त्याला. तर म्हणायची, कसं सांगू, त्याला दुसरं आहे कोण?"

त्याने जिन्याकडे पाहिलं. जिन्याखालचं मशीन त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याच्याच अंगावरून तो वर जायचा. ताईने एकदा विचारलंही होतं, "तुला याहून मोठी जागा कुठे मिळणार नाही का रे?" तेव्हा तो ऐटीत म्हणाला होता, "याहून चांगली कुठली मिळणार?" आणि तिने पुन्हा तो विषय काढला नव्हता.

कामावरच्या म्हाताऱ्या कारागिराला त्याने हे सांगितलं. म्हातारा म्हणाला, "खोली हवीय म्हणून रचून सांगितलं असेल. सरळ भांड जाऊन."

"आपलेच दात नि आपलेच ओठ," तो म्हणाला. पण भांडला नाही तो त्यामुळे नव्हे. भाऊजी खोटं बोलले असतील, असं त्याला एक दिवस वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी वाटायचं नाही. जिला विचारायचं तीच उरली नव्हती.

टेबल त्याने स्वतःच कापलं. दुसरं टोक भाऊजींनी धरलं. करवत डोंगरातून गेली तशी दोघांच्या केसांवर पांढरी भुकटी बसली. पूल हातात घेऊन भाऊजींनी विचारलं, "हा नेतोस?"

"टाका."

इंजिनं तेवढी त्याने जुन्या टॉवेलात गुंडाळून घरी नेली.

भाची राहायला आली आणि आठवड्याभरात त्याला भेटायला आली. पोरीचा जीव मामावर होता. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलंच, "तुझ्या आईला माझ्या गाड्या आवडायच्या का गं?"

"आईला तू यायचास ते आवडायचं, मामा."

"मी गाड्यांचं विचारतोय."

"आता कशाला विचारतोस?"

त्याने तिच्यासाठी चहा टाकला. निघताना ती म्हणाली, "सुट्टीला येत जा. बाबांनाही आईशिवाय करमत नाही." तो "बघू" म्हणाला. गेला नाही. एका वाटसरूला थांबवून वाट विचारावी, त्याने ती सांगावी आणि आपण मुकाट्याने उलट्या दिशेला चालू लागावं, तसं ते झालं. भाचीने पुन्हा दोनदा बोलावलं, मग तिनेही सोडून दिलं.

टॉवेलातली इंजिनं त्याने म्हाताऱ्या कारागिराला देऊन टाकली. "चालतात का?" म्हाताऱ्याने विचारलं. "चालतात. आवाज फार करतात," तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशीही तो आता कामावरच जातो. मालक त्याच्यावर खूश आहे.