सर्वणची काकी आणि ममताचा पखाळ

काकी कुणाच्याही खोलीत शिरली की आधी माणसाकडे नाही, टोपाकडे बघायची. झाकण उचलायची, वाकून वास घ्यायची आणि मगच "बरी मगे?" म्हणायची. मी नोकरीसाठी कुडाळहून वास्कोला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी तिने माझं झाकण उचललं. आत मॅगी होती. काकीने झाकण हळूच परत ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं, "घरातलां कोण गेलां काय गो?" दहा मिनिटांनी भात, सोलकढी आणि तळलेला बांगडा माझ्या दारात होता.

काकी डिचोलीजवळच्या सर्वणची. काका बंदरात ट्रक चालवायचे. आमच्या चाळीत चार खोल्या. काकीची, माझी, घरकामं करणाऱ्या बागलकोटच्या शिवम्माची आणि कारखान्यात कोळंबी सोलणाऱ्या ममताची. ममता ओडिशाची. चौघींच्या भाषा चार, त्यामुळे सुरुवातीला आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो. काकीला हे पसंत नव्हतं. "जेवणाक भास कित्याक जाय?" जेवायला भाषा कशाला हवी, म्हणत तिने रविवारची पंगत व्हरांड्यात मांडली. ज्याने त्याने आपलं शिजवून आणायचं.

कौतुक करणं काकीला जमत नसे. शिवम्माची ज्वारीची भाकरी तिने हातात घेऊन उलटसुलट केली. "बरी आसा. पावसात कौल फुटलां तर घालूक येतली." शिवम्माला यातलं काहीच कळलं नाही. काकीने तीन भाकऱ्या खाल्ल्या, ते मात्र कळलं.

ममताच्या पखाळाला वास येतो, हे सर्वांत आधी काकीच बोलली होती. ममता शिजलेल्या भातात पाणी घालून तो रात्रभर ठेवायची आणि सकाळी कांदा, मिरची आणि भाजलेल्या सुक्या मासळीबरोबर खायची. काकीने नाकाला पदर लावला. "ह्यां खाता आणि कामाक जाता?" ममताला शब्द कळले नसावेत, पण पदर कळला. त्या रविवारी ती पंगतीला आली नाही. काकी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परतली.

पुढच्याच आठवड्यात घरमालक आला. शेजारच्या बंगल्यातून तक्रार आली होती. कुजक्या भाताचा आणि मासळीचा वास येतो, ओडिशावालीने खोली खाली करावी. ममता दाराशी उभी होती. कारखान्यात जाण्यासाठी डोक्याला रुमाल बांधलेला, हातात डबा.

काकीने तो डबा तिच्या हातातून काढून घेतला. व्हरांड्यात मांडी घालून बसली, डबा उघडला आणि घरमालकासमोर जेवायला लागली.

"काकी, ह्याच भाताचो वास," घरमालक म्हणाला.

"आमच्या सर्वणात हाका पेज म्हणटात. तिच्या गांवात पखाळ. नाव बदललां म्हणून वास बदलता?" काकीने मिरची चावली. "मी ल्हानपणापासून हीच खातंय. मगे माकाय भायर काड."

काकी रोज सकाळी ऊन ऊन पेज खायची, ताजी. तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव खोटं. तिने डबा संपवला, अगदी पाण्यासकट. घरमालक निघून गेला. नंतर तो विषय कुणी काढला नाही. ममता मात्र त्या दिवशी कामावर उपाशी गेली, म्हणून काकी दुपारी बस पकडून कारखान्याच्या गेटवर डबा देऊन आली.

गेल्या वर्षी काकांची नोकरी संपली आणि दोघं सर्वणला परतली. निघताना आम्ही तिघी रडलो. काकी म्हणाली, "हळद जपून घाला गो," आणि टेम्पोत बसली.

यंदा उन्हाळ्यात काकांचा फोन आला. काकी झोपेतच गेली होती. बाराव्याला आम्ही तिघी पणजीत एक आणि डिचोलीत एक बस बदलून पोचलो. अंगण नातेवाइकांनी भरलेलं. कुठे बसावं कळेना. मागच्या पडवीत काकीची जाऊ जमिनीवर बसून नारळ खवत होती. पुढ्यात फोडलेल्या नारळांचा ढीग. तिने मान वर करून विचारलं, "तुमी खंयची? वयनीची कोण?"

मी नीटसं उत्तर जुळवत होते. शेजारी म्हणावं, की मैत्रिणी? तेवढ्यात शिवम्मा, जिला इतक्या वर्षांत इथली चार वाक्यं धड आली नव्हती, पदर खोचून पुढे झाली.

"आमी घरची," ती म्हणाली.

जावेने तिच्याकडे बघितलं, ममताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग जरा सरकून जागा केली, भिंतीला टेकवलेली दुसरी विळी शिवम्माच्या पुढ्यात आडवी केली आणि अर्धा नारळ तिच्या हातात दिला.

"बारीक खव हां," ती म्हणाली. "वयनीक जाड आवडत नासलां."